एक भांडं, एकाहत्तर गावं

छोट्या मित्रांनो, मी एक जुना पर्जन्यमापक आहे, म्हणजे पाऊस मोजायचं भांडं. मान वर करून सांगावं असं माझ्या हातून फारसं काही घडलेलं नाही. पण पोटात ठेवून ठेवून आता गंज चढला आहे, म्हणून आज तोंड उघडतो.

माझं अंग पत्र्याचं, वरची कडा पितळेची. आत एक नरसाळं, त्याच्याखाली काचेची बाटली. तोंड म्हणाल तर एका भाकरीएवढं. उदगीरच्या पलीकडे, कर्नाटकच्या हद्दीकडे एका तालुक्याची कचेरी आहे. तिच्या आवारात मला जमिनीत पुरलं. तालुक्याचं नाव सांगत नाही. माझ्या लाजेत त्याला कशाला ओढू?

रोज सकाळी साडेआठला शिपाई शिवमूर्ती माझी बाटली काढायचा, मोजायच्या ग्लासात पाणी ओतायचा आणि खिडकीतून आकडा ओरडून सांगायचा. दर सोमवारी तो माझ्या पितळी कडेवर विभूतीची तीन बोटं ओढायचा. म्हणायचा, "ह्येनं सांगितलं तेवढाच तालुक्याचा पाऊस. बाकी समदी हवा!" हे ऐकून मी काय फुगायचो! बहात्तर सालच्या दुष्काळात माझ्या नरसाळ्यात कोळ्यानं जाळं विणलं होतं, तेव्हासुद्धा लोक वाकून आत बघायचे आणि हात जोडायचे. इतका मान मिळाल्यावर डोकं ठिकाणावर कसं राहणार?

मग ब्याऐंशी साली लातूर वेगळा जिल्हा झाला. सगळीकडे नव्या पाट्या, नवे शिक्के, नवे कागद. पुढं एका वर्षी पावसानं पाठ फिरवली, आणि जिल्ह्याहून हुकूम आला की प्रत्येक तालुक्यानं पावसाचा रंगीत नकाशा पाठवावा. लाल गाव म्हणजे कोरडं, तिथं पाण्याचा टँकर जाणार. हिरवं गाव म्हणजे ठीक, तिथं काही नाही.

नकाशा काढायचं काम विरूपाक्ष कारकुनाकडं आलं. मोठा हळुवार हाताचा माणूस. गावांच्या शिवा तो अशा काढायचा की बघत राहावं. पण तालुक्यात गावं एकाहत्तर आणि भांडं मी एकटा. शिवमूर्ती म्हणाला, "अण्णा, बाकीची गावं कोरीच सोडा की." विरूपाक्षानं कानाला हात लावला. "अरे, नव्या जिल्ह्याचा पैला नकाशा! कोरा ठेवायचा म्हंजे विभूती न लावता बाहेर पडल्यासारखं. लिही, समद्या गावांना हाच आकडा."

आता माझं ऐका. आदल्याच आठवड्यात एका दुपारी कचेरीवर ढग फुटला होता. तासाभरात माझी बाटली भरून वाहिली. रस्त्यापलीकडच्या टपरीवर मात्र नुसते शिंतोडे पडले होते. मी स्वतः पाहिलं होतं. तरी एकाहत्तर गावं माझ्या एका बाटलीतल्या पाण्यानं हिरवीगार रंगली, तेव्हा मला आनंदच झाला. एवढ्या मोठ्या कागदावर सगळीकडे मीच! मित्रांनो, ही लाज आजही जात नाही.

नकाशा लातूरला गेला. चार दिवसांनी करडवाडीची सिद्धम्मा कचेरीत आली. नऊ कोस चालून आलेली, हातात तांब्या. करडवाडीत टिपूस पडला नव्हता. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरावं लागत होतं. तिची सून रुद्राणी सात महिन्यांची पोटुशी होती आणि तीही उतरत होती, कारण सिद्धम्माच्या हातांना आता दोर पेलत नव्हता.

"अण्णा, पोरीला लई भ्या वाटायलंय," ती म्हणाली. "एक टँकर द्या. तेवढी बाळंत होईस्तोवर."

विरूपाक्षानं नकाशाची नक्कल उलगडली. "अव्वा, तुमचं गाव हिरवं हाय. हे बघा."

तिनं त्या हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे कुणी बघितलं?"

त्यानं खिडकीतून माझ्याकडं बोट केलं.

सिद्धम्मा बाहेर आली. मला खालीवर बघितलं. "हे कवा आलं होतं आमच्या गावाला?" असं म्हणून तिनं तांब्यातलं गढूळ पाणी माझ्यात ओतलं. वाटेत प्यायला आणलेलं पाणी होतं ते. "घे बाबा. आता आमचंबी मोज." शिवमूर्ती ओरडत धावला, "अव्वा, सरकारी भांडं हाय ते!" पण ती केव्हाच निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी साडेआठला शिवमूर्तीनं सवयीनं बाटली काढली, पाणी मोजलं आणि ओरडला, "पंधरा मिलिमीटर!" विरूपाक्षही सवयीनं वहीत उतरवू लागला. एकेका गावापुढं पंधरा, पंधरा, पंधरा. करडवाडीपाशी त्याचा हात थांबला. आभाळ तर कोरडं ठाक होतं. मग त्याला तांब्या आठवला. एका म्हातारीच्या तांब्यानं तो सगळ्या तालुक्यात पाऊस पाडत होता.

"अगं आई गं," तो म्हणाला, "मी आजवर हेच करत आलो की!" त्यानं सायकल काढली आणि डोक्यावर टोपी न घालताच करडवाडीला निघाला.

तो संध्याकाळी परतला. माझ्याशेजारी ओट्यावर बसून त्यानं शिवमूर्तीला सांगितलं. तो पोचला तेव्हा विहिरीवर गर्दी होती. रुद्राणीचा पाय सकाळीच निसटला होता. ती वाचली. पोटातलं बाळ गेलं. सिद्धम्मानं त्याला शिवी दिली नाही. उलट विचारलं, "अण्णा, एवढ्या लांबून आलात, पाणी प्याल का?" एवढं सांगून तो माणूस माझ्या कडेवर हात ठेवून रडला.

मी खोटं बोललो नव्हतो, मित्रांनो. माझ्या तोंडात पडलं तेवढंच मी सांगितलं होतं. पण माझ्या नावावर एकाहत्तर गावांचं खोटं खपलं, आणि ते खपताना मी खूश होतो.

टँकर तिसऱ्या दिवशी गेला. पुढच्या महिन्यात विरूपाक्षानं नवा नकाशा काढला. जिथं मी उभा होतो तिथं एक छोटा हिरवा ठिपका. सायकलवर जाऊन बघितलेली नऊ गावं लाल. बाकी सगळं पांढरं. तहसीलदार साहेब खेकसले, "हे काय? काम अर्धं सोडलं?" विरूपाक्ष म्हणाला, "साहेब, पांढरं म्हंजे आम्हाला ठाऊक न्हाई. जाऊन बघावं लागंल."

आता मी कचेरीच्या मागच्या खोलीत पडून आहे. माझ्या जागी नवं भांडं आलं आहे. तेही भाकरीएवढंच. तुम्ही मोठे व्हाल, याहून देखणे नकाशे काढाल. तेव्हा या भांड्याचा मान जरूर ठेवा, पण त्याला भाकरीएवढ्याच जागेचं विचारा. आणि करडवाडीला रंग द्यायचा असेल, तर आधी सिद्धम्माला विचारून या.