माहेरचं नाव

अरुणाताईंनी तिसऱ्यांदा तीच कमांड टाईप केली आणि एंटर दाबलं. पडद्यावर पुन्हा तीच ओळ उमटली: कोयना, ठीक.

"ठीक कसलं मॅडम!" सुधीर चहाचा ग्लास घेऊन मागे उभा होता. "वाशी ऑफिसवाले सकाळपासून बोंबलतायत. कोयना बंद पडलीय, आणि तुमची स्क्रिप्ट म्हणते ठीक. हिलाच आधी तपासून घ्या."

त्या कशाबशा हसल्या. बेलापूरच्या या कचेरीतल्या सगळ्या मशीनना नद्यांची नावं त्यांनीच दिली होती, आणि त्यांच्यावर नजर ठेवणारी स्क्रिप्टही त्यांचीच. काम साधं. स्क्रिप्ट एकेका मशीनचं नाव व्हेरिएबलमध्ये धरायची आणि बाहेरच्या एका कमांडच्या हाती सोपवायची: जा, हिला हाक मारून ये. कमांड 'उत्तर नाही' म्हणाली, की धोका. ते शब्द आले नाहीत, की ठीक.

काल दुपारी त्यांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नव्हतं. कऱ्हाडहून लेकीच्या शेजारच्या शकुबाईंचा फोन आला होता. "तुमच्या लेकीचा ताप डोक्यात गेलाय म्हनत्यात. मोठ्या दवाखान्यात नेलंय," एवढं बोलून लाईन तुटली. त्यांनी खटपट करून दवाखान्याचा नंबर मिळवला, नाव सांगितलं: वैदेही पाटील. तिकडचा कारकून जरा वेळानं म्हणाला, "पाटलिनी तीन हायत बघा. वैदेही मातर कुनी न्हाई."

केवढा जीव भांड्यात पडला होता! म्हणजे साधा ताप असणार, सुई टोचून घरी पाठवली असणार. शकुबाईंना मेलं राईचा पर्वत करायची सवयच. संध्याकाळी त्यांनी देवापुढे साखर ठेवली. रविवारी जाऊन येऊ म्हणाल्या.

"सुधीर, स्क्रिप्ट राहू दे. ती बाहेरची कमांड नुसतीच चालवून बघू."

त्यांनी हातानं कोयनाचं नाव देऊन कमांड चालवली. उत्तर आलं: अननोन होस्ट.

"अगंबाई," त्या पुटपुटल्या. "ही 'उत्तर नाही' म्हणतच नाहीये. म्हणतेय, या नावाचं इथं कुणी नाही."

"आणि स्क्रिप्टला वाटलं, कोणी रडत नाय म्हणजे सगळं मस्त!" सुधीरनं कपाळावर हात मारला. "अरे हां! वाशीवाल्यांनी मशीन ताब्यात घेतलं ना, तेव्हाच नाव बदललं त्यांनी. वाशी-दोन केलं. मॅडम, पोरगी सासरी गेली, तिचं नाव बदललं, आणि तुमी अजून माहेरच्याच नावानं हाका मारताय!"

स्वतःच्या विनोदावर तो खळखळून हसला. अरुणाताईंची बोटं कळांवर होती तशीच राहिली.

लेकीच्या लग्नात ताटभर तांदळात जावयानं अंगठीनं नाव कोरलं होतं: उज्वला. त्या घरात थोरली जाऊ आधीच वैदेही होती. गोजराआत्यानं तिथल्या तिथं ओवी जुळवली होती,

ताटातल्या तांदळात नवं नाव गं कोरलं
जुनं आईच्या ओठात उष्ट्या घासापरी उरलं

बायका हसल्या होत्या. अरुणाताईही हसल्या होत्या. पण ते नवं नाव त्यांच्या तोंडी कधी बसलं नाही. त्यांनी बसू दिलं नाही.

"मॅडम? बरं वाटत नाय का?"

त्यांनी फोन पुढ्यात ओढला. नंबर फिरवताना दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. कालचाच आवाज.

"उज्वला," त्या म्हणाल्या. परक्याच्या पोरीची चौकशी करावी तसं वाटलं. "उज्वला पाटील."

"उज्वला व्हय? हां, हाय की. थांबा."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. पलीकडे गाड्याची चाकं करकरत गेली, कुणीतरी कुणाला तरी पाणी आणायला सांगितलं. मग एका बाईचा आवाज आला.

"कोन बोलतंय?"

"मी तिची आई. नवी मुंबईहून."

"आई व्हय." बाईचा आवाज एकदम खाली आला. "अवो, काल दिसभर इचारीत हुती, आई निगाली का म्हनून." मग म्हणाली, "बाई, तुमच्यापाशी कुनी हाय का? त्यांच्याकडं द्या की जरा फोन."

अरुणाताईंनी वर पाहिलं. सुधीरनं ग्लास खाली ठेवला होता. त्यानं हात पुढे केला. त्यांनी रिसीव्हर दिला नाही, दोन्ही हातांनी धरून ओठांजवळ नेला.

"तुम्ही तिला उज्वला म्हणून हाक मारली असेल," त्या हळू, समजावल्यासारख्या बोलल्या. "वैदेही म्हणून बघा. एकदा म्हणून तर बघा. त्या नावाला ती ओ देते."