एल युन्केची शेगडी

मी एक जुनी शेगडी आहे, मित्रांनो, आणि अंगाला मांसाचा वास असला तरी माझी गोष्ट फुटबॉलची आहे. उरुग्वेतल्या एका नदीकाठच्या गावी एल युन्के क्लबच्या सभासदांनी भंगारातल्या रेल्वेडब्याच्या दारापासून मला घडवलं. दर रविवारी ओफेलिया माझ्यावर चोरिसो, म्हणजे मसालेदार मांसाचे सॉसेज, भाजायची आणि पावात घालून विकायची. त्या कमाईतून खेळाडूंचे बूट यायचे. संघ फारसा जिंकत नसे, पण क्लब सभासदांचा होता.

मग राजधानीतून गोड बोलणारे एक साहेब आले. क्लब त्यांना विकायचा की नाही, हे ठरवायला सभा भरली. त्या दिवशीचं सगळं मांस साहेबांच्या खर्चाने माझ्यावर भाजलं गेलं. मतदान सुरू झालं तेव्हा म्हातारे अध्यक्ष दॉन इरिनेओ हाडूक चघळत होते. त्यांनी तसाच हात वर केला.

"अहो, घास तरी गिळा आधी!" ओफेलिया ओरडली. "क्लब विकताय, पाव नाही!"

"गप गं बाई! वरच्या विभागात खेळायचंय आपल्याला. का जन्मभर चोरिसोच विकत बसायचं?"

सगळे हसले आणि सगळ्यांचे हात वर गेले. मला माझ्या निखाऱ्यांची लाज वाटली.

पहिल्या वर्षी खरंच चंगळ झाली. बाहेरचे महागडे खेळाडू आले, संघ वरच्या विभागात गेला, इरिनेओ भर रस्त्यात नाचले. मला मात्र भिंतीमागे टाकलं. धुराने पाहुण्यांचे कोट खराब होतात म्हणे. पण तो सगळा थाट क्लबच्या नावावर काढलेल्या कर्जाचा होता. साहेबांनी क्लब दुसऱ्या कंपनीला विकला. तिने चांगले खेळाडू विकले, उरलेल्यांचे पगार थकवले. संघ हरत हरत खाली आला आणि एके दिवशी कंपनीने तो उचलून दूरच्या बंदराच्या शहरात नेला. मैदान तेवढं आमच्याकडे राहिलं.

ओफेलियाने मला राखेने घासून पुन्हा पेटवलं. परवा संघाचा कप्तान रोसेंदो रजेवर घरी आला. तो याच गल्लीतला.

"मावशी, एक पाव दे ना."

"पैसे काढ."

"अगं, खेळाडूकडून कधीपासून पैसे घ्यायला लागलीस? मी आपलाच ना?"

"तू आपलाच रे बाळा. संघ कुणाचा?"

रोसेंदोने खिशातून पैसे काढून दिले. तिने त्याला सगळ्यात मोठा चोरिसो दिला.

मित्रांनो, तुमच्या गावचा संघ हरत असेल तर त्याला खुशाल शिव्या घाला, पण विकू नका. आमच्याकडे अजूनही रविवारी माणसं येतात, खातात, रिकाम्या मैदानाकडे बघत बसतात. त्यांना ओरडायचं असतं, पण कुणाच्या नावाने ओरडावं ते कळत नाही.