अण्णांनी पास केलेला कठडा

मित्रांनो, ज्याला टेकून तुम्ही खाली डोकावता, ज्याच्यावर ओले टॉवेल टाकता आणि ज्याच्याकडे एरवी ढुंकूनही बघत नाही, तो मी. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीचा जुना लोखंडी कठडा. हल्ली मी गॅलरीत नाही. इमारतीच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ, भिंतीला टेकवून ठेवलेला आहे. इथे कसा आलो ते सांगतो. गोष्ट एका वर्षाची आहे, त्या घरातल्या छोट्या ठकीच्या पहिल्या वाढदिवसापासून दुसऱ्यापर्यंतची.

मला अण्णांनी घडवलं. अण्णा म्हणजे ठकीचे आजोबा. त्यांचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. चार पोकळ खांब, वर जाड पाइप, मध्ये उभे गज आणि तळाशी एक आडवी पट्टी, असा माझा देह. खांबांचे पाय सिमेंटमध्ये गाडलेले. तेव्हा त्यांचा मुलगा रांगायला लागला होता. गजांमध्ये किती जागा सोडायची, हे अण्णांनी त्या मुलाचं डोकं पट्टीने मोजून ठरवलं. असं प्रेम किती कठड्यांच्या वाट्याला येतं? मी त्याचा तोरा पुढे बरीच वर्षं मिरवला. तोच मुलगा मोठा होऊन रंगारी झाला आणि ठकीचा बाबा झाला.

या घरात काही चांगलं घडलं की सगळे मला टेकून फोटो काढायचे. कॅमेरा स्टुलावर ठेवायचा, दहा सेकंदांचा टायमर लावायचा, आणि बाबाने पळत येऊन माझ्यावर पाठ आपटायची. बाकीच्यांनी दहापासून उलटे आकडे म्हणायचे. पण त्याआधी एक काम असायचं. अण्णा खिशातून पाना काढायचे, वाकून माझे चारही खांब एकेक करून वाजवायचे आणि कान देऊन ऐकायचे. घट्ट खांब टण् वाजतो, सडलेला बद्द वाजतो. चौथा खांब वाजवून झाला की अण्णा म्हणायचे, "पास." मगच लोक टेकायचे. ठकीची आत्या हसायची, "परीक्षा कठड्याची आणि पोटात गोळा आमच्या."

माझं दुखणं कुठून सुरू झालं तेही सांगून टाकतो. ठकी झाली तेव्हा तिच्या कपड्यांची दोरी बांधायला आईने माझ्या वरच्या पाइपला एक भोक पाडून घेतलं. बोटाएवढंसुद्धा नव्हतं. पावसाचं पाणी त्यातून आत उतरलं आणि तिसऱ्या खांबाच्या पायाशी साचून राहिलं. मी आतून सडायला लागलो. बाहेरून मात्र गुळगुळीत हिरवा, कारण बाबा दर फोटोच्या आदल्या दिवशी मला रंगाचा हात मारायचा. रंगाऱ्याच्या घरचा कठडा फोटोत पोपडे दाखवत कसा उभा राहील?

ठकीच्या पहिल्या वाढदिवसाला अण्णांनी पाना मारला. एक, दोन, टण्. तिसरा बद्द. मी वाट बघत राहिलो. चौथा टण्. अण्णा उठले आणि म्हणाले, "पास."

मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पण बाबा पळत आला, पाठ आपटली, आणि माझ्या तिसऱ्या पायात काहीतरी करकरलं. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे नीट लक्ष द्यायला लागलो. आई आतून विचारायची, "अण्णा, चहा टाकू का?" अण्णा म्हणायचे, "हो, मघाशीच उघडली खिडकी." आईला वाटायचं, त्यांचं लक्ष नाही. मला कळून चुकलं. चाळीस वर्षं हातोडा आणि ग्राइंडर ऐकून अण्णांचे कान गेले होते, आणि हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. ज्यांच्या कानावर सगळं घर विसंबून होतं, ते नुसतं वाकून ऐकल्यासारखं करत होते.

त्यानंतर घरात आनंदाला नुसतं उधाण आलं, आणि प्रत्येक आनंदाला मी तिसरा पाय सावरून धरायचो. ठकी माझे गज धरून पहिली चार पावलं चालली, फोटो. आत्याचं लग्न ठरलं, फोटो. आईला शाळेत मुख्याध्यापिका केलं, तेव्हा शेजारीपाजारीही टेकले. अण्णांनी वर्कशॉप बंद केलं, त्या दिवशी तर हार घालून त्यांना मधोमध, तिसऱ्या खांबालाच टेकवून उभं केलं होतं. प्रत्येक वेळी पाना, प्रत्येक वेळी बद्द, प्रत्येक वेळी "पास." दिवाणखान्यात फोटोंची रांग वाढत गेली. सगळे हसतायत, मागे मी हिरवागार.

मी माझ्या परीने सांगून पाहिलं. तिसऱ्या खांबाखाली फरशीवर तपकिरी ओघळ सोडला.

"अहो, हे कसलं पाणी?" आईने विचारलं.

"कुंडीचं असेल," बाबा म्हणाला.

"बघा ना एकदा नीट. ठकी सारखी इथेच असते."

"अण्णांनी चारही खांब वाजवलेत. ते पास म्हणाले, मग मी कोण शहाणा?"

आईने ओघळ पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सोडला, तिने पुन्हा पुसला.

आई सांगत होती ते खरंच होतं. बाबाच्या स्कूटरचा आवाज आला की ठकी धावत यायची, माझ्या तळाच्या पट्टीवर चढायची आणि पोट माझ्यावर टेकून खाली बघायची. दुसऱ्या आणि तिसऱ्या खांबाच्या मध्ये, रोज त्याच जागी. तिचं वजन ते केवढं, पण मला ते मणभर वाटायचं. मित्रांनो, मी कठडा आहे. न पडणं एवढंच मला शिकवलेलं. तरी त्या दिवसांत मी एकच मागत होतो, की पडायचंच असेल तर गॅलरी रिकामी असताना पडू दे. वारा सुटला की मी वाट बघायचो. पण रिकामा असताना मी काही पडलो नाही.

ठकीचा दुसरा वाढदिवस आला. बाबाने रंग मारला. आत्या आणि तिचे यजमान आले. अण्णांनी पाना मारला, पास म्हणाले, आणि सगळी मंडळी माझ्यावर रेलली. ठकीला पट्टीवर उभं केलं, तिसऱ्या आणि चौथ्या खांबाच्या मध्ये. बाबाने स्टुलावरचं बटण दाबलं.

"दहा," सगळे म्हणाले. "नऊ."

अण्णांचा हात माझ्या वरच्या पाइपवर होता. ठकीने त्यांच्या खिशातला पाना ओढून काढला आणि आजोबांसारखाच मारला, आधी चौथ्या खांबावर. त्याची थरथर पाइपमधून अण्णांच्या तळव्यात गेली. मग तिने तिसऱ्यावर मारला. तळव्यात काहीच आलं नाही.

अण्णांचा चेहरा पडला. कान गेले असले तरी हात वेल्डरचा होता. त्यांना समजलं, आणि आता काय कबूल करावं लागणार हेही समजलं. "सात" गेला. "सहा" गेला. त्या दोन आकड्यांत आला तेवढा त्यांचा राग मला कधी आला नाही.

मग ते म्हणाले, "पुढे व्हा सगळे. मला ऐकू येत नाही."

"मग मोठ्याने मोजू का?" आत्या हसत म्हणाली.

"वर्षभर ऐकू येत नाही मला. खांब सडलाय. पुढे व्हा." आणि त्यांनी ठकीला काखेत धरून खेचलं.

आत्या आणि तिचे यजमान तसेच आत धावले. कॅमेरा नीट बसवत थांबलेला बाबा मात्र सवयीने पळत सुटला होता. आईने त्याची कॉलर पकडली म्हणून त्याची पाठ न आपटता नुसता हात माझ्यावर आपटला. तेवढा धक्का मला पुरला. तिसरा पाय तुटला, दुसरा उखडला आणि मी बाहेरच्या बाजूला कललो. माझ्या पायाशी, कडेला ठेवलेली मोठी कुंडी खाली गेली. कॅमेरा त्याच क्षणी वाजला.

कुंडी खाली पोहोचायला किती वेळ लागतो, ते त्या दिवशी सगळ्यांनी ऐकलं. फक्त अण्णांना काही ऐकू आलं नाही. त्यांनी ठकीला घट्ट धरलं होतं आणि ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मला कापून उतरवलं. नव्या कठड्याचे खांब भरीव आहेत, आणि ते बाबा वाजवतो. अण्णांनी कानाचं यंत्र घेतलं आहे, पण ते पाना हातात घेत नाहीत.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना नुसता रंग फासू नका, हे तर मी सांगणारच. पण त्याहून एक मोठी विनंती आहे. तुमच्या भरवशावर कोणी टेकणार असेल आणि तुम्हाला ऐकू आलं नसेल, तर तसं सांगा. लाज वाटली तरी सांगा.

तो शेवटचा फोटोही त्यांनी रांगेत लावलाय म्हणतात. त्यात कोणाचाच चेहरा नाही. कडेला आईच्या मुठीत बाबाची कॉलर दिसते, आणि मधोमध मी आहे, ताज्या रंगात.