बिडाच्या भांड्यातला घेवडा

"एवढंसं मनगट काय मुरगळलं, सगळ्या घराला वेठीला धरलंय," थोरली फडताळात डोकं खुपसून पुटपुटली. तिला वाटलं, ऐकायला फक्त डबे आहेत. पण फडताळाच्या पलीकडेच तिची धाकटी जाऊ स्टुलावर बसून मनगटावरच्या पट्टीची गाठ दातांनी आवळत होती. त्या मनगटाला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं.

धाकटी आणि तिचा नवरा लवकरच वेगळं बिऱ्हाड करणार होते. गाद्या, कपाटं, ताटल्या सगळं कुरकुर न होता वाटून झालं होतं. राहिलं होतं ते सासूबाईंचं बिडाचं भांडं. वर्षानुवर्षं तेल पिऊन काळंभोर झालेलं, दोन्ही हातांनी उचलावं लागणारं. सासूबाई गेल्या, पण दर रविवारी त्यात वाळका पांढरा घेवडा शिजायचा राहिला नाही. शिजवायची धाकटी. भिजत घालणं तिचं, खडे निवडणं तिचं, पहाटे उठून मंद आचेवर चढवणंही तिचंच. थोरली अगदी शेवटी न्हाऊनमाखून यायची, तेलात चार पाकळ्या लसूण परतून वरून ओतायची आणि भांडं मिरवत टेबलावर न्यायची.

"वा, सूनबाई!" सासरे थोरलीकडे बघून म्हणायचे. थोरली मान खाली घालायची. केवढा तो विनय! अशा वेळी थोरलीचा नवरा छताकडे बघायचा आणि धाकटीचा ताटात. तोंड कोण उघडणार? थोरली एकदा रुसली की घरात आठवडाभर नुसती भांडी आपटायची.

हेही धाकटीने गिळलं असतं. पण गेल्या रविवारी हात पुसता पुसता सासरे म्हणाले, "भांडं थोरलीकडेच राहू दे. घेवडा तीच करते ना." आणि थोरली म्हणाली, "तुमची इच्छा, बाबा." धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पाणी प्यायला लागला. एवढी तहान त्याला लग्नात फोटो काढतानाही लागली नव्हती. तेव्हापासून धाकटीच्या पोटात काहीतरी शिजत होतं, आणि आच काही मंद नव्हती.

शनिवारी मनगट मुरगळलं ते असं, आणि रविवारचा घेवडा थोरलीच्या गळ्यात पडला.

संध्याकाळी थोरली धाकटीच्या खोलीचं दार लोटून आत आली. "म्हणजे मला येतंच गं," ती म्हणाली. "पण तुझी पद्धत काय असते, आपलं सहज विचारते."

"मीठ भिजवायच्या पाण्यातच घालायचं, ताई."

"आधीच मीठ? टणक राहील की तो!"

"नाही राहत. मग कांदा दोन फोडी करून, लसणाची अख्खी गड्डी, तमालपत्र. एकदा उकळी आली की आच उतरवायची. पाणी खळखळायला नको, नुसतं गालात हसलं पाहिजे. कमी पडलं तर गरमच ओतायचं. आणि डावाने ढवळायचं नाही, भांडं धरून हलवायचं."

"आणि टोमॅटो?"

इथे धाकटी थांबली. आंबट आधी पडलं की घेवडा हट्टाला पेटतो, मग दिवसभर जाळ घाला, मऊ म्हणून व्हायचा नाही. दाणा दोन बोटांत चिरडला गेला की मगच टोमॅटो आणि मगच व्हिनेगर. हे सासूबाईंनी त्या भांड्यासमोर उभं राहून तिला एकटीला सांगितलं होतं.

"टोमॅटो अगदी सुरुवातीला," धाकटी मधाळ आवाजात म्हणाली. "व्हिनेगरही तेव्हाच. चांगलं वाटीभर. मुरायला नको का?"

"हां, हे पटतंय," थोरली म्हणाली. मिठाचं खरं तिला खोटं वाटलं होतं, हे खोटं मात्र लगेच गळी उतरलं.

रविवारी वास असा सुटला की जिन्यावरून जाणारा माणूस थबकावा. सगळे टेबलाभोवती बसले. पहिला घास तोंडात गेला आणि खोलीभर कुटकुट कुटकुट सुरू झाली, चार उंदीर एका पेटीत कोंडावेत तशी. धाकटी वाट बघत होती. आता कुणीतरी तोंड वाकडं करील. आता.

"वा!" थोरलीचा नवरा छताकडे बघत म्हणाला. "आज तर नेहमीपेक्षा सरस."

"छान," धाकटीचा नवरा ताटात म्हणाला, आणि गाल धरला.

नेहमीपेक्षा सरस! धाकटीच्या कानशिलात कुणी लगावल्यासारखं झालं. तिच्या पहाटा, तिचा लोण्यासारखा दाणा, त्यापेक्षा हे खडे सरस? सूड एकीवर उगवायला निघाली होती, आता त्यात सगळेच आले. ती उठली, डाव उचलला आणि शिगोशीग भरला.

"सरस ना, दादा? मग घ्या की!" थोरल्या दिरांच्या ताटात ढीग पडला. "आणि तुम्हाला छान लागला ना?" नवऱ्याने ताटावर हात आडवा धरला. तिने हातावर ओतला. "बाबा, तुम्हाला?" सासऱ्यांची कवळी एका बाजूला सरकली होती, ती ते जिभेने जागेवर आणत होते. "ताई, तुम्ही घेतलाच नाहीत. लाजू नका, तुमच्याच हातचा आहे."

पुन्हा भांड्यात डाव बुडवताना पट्टी सुटून लोंबायला लागली. मनगट सरळसोट होतं. थोरलीने ते पाहिलं.

"पुरे कर!" ती ओरडली. "धडधाकट आहे हिचं मनगट! बाबा, हिनं मुद्दाम मला फसवलं. टोमॅटो आधी घाला, व्हिनेगर आधी घाला, सगळं हिनंच सांगितलं मला!"

"मी कशाला सांगू, ताई?" धाकटीने डाव भांड्याच्या काठावर ठेवला. "घेवडा तर दर रविवारी तुम्हीच करता."

कुटकुट थांबली. सासऱ्यांनी तोंडातला दाणा काढून ताटाच्या कडेला ठेवला. टक् असा आवाज झाला.

"अगं," ते थोरलीला म्हणाले, "तुला हिला विचारावं का लागलं?"

थोरलीने नवऱ्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. दिराकडे बघितलं. तो ताटात. वाचवायला कुणीच येत नाही म्हणजे काय, ते धाकटीला चांगलं ठाऊक होतं, पण तिला कळवळा वगैरे काही आला नाही. ती हाताची घडी घालून उभी राहिली.

"मला येत नाही," थोरली शेवटी म्हणाली. "मी एकदाही केलेला नाही, बाबा. तुम्ही आजवर खाल्लात तो हिच्या हातचा. तुम्ही सोडून इथे सगळ्यांना माहीत आहे."