लाल फुलीचा कागद

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे आणि मला डोकं नाही. ही तक्रार नाही, माहिती आहे.

माझा जन्म २००५च्या पुरानंतर बदलापूर स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत झाला. कुळगावच्या किर्तीने बापाचा ताप, दुखणाऱ्या पोटऱ्या आणि तांबूस लघवी टाइप केली आणि मी पडद्यावर उतरू लागलो. माझ्या माथ्यावर मोठं चित्र होतं. ते उतरायच्या आतच कॅफेवाला म्हणाला, "ताई, टाइम संपला." तिने तशीच प्रिंट काढली. चित्राच्या जागी रिकामा चौकोन आणि त्यात छोटी लाल फुली आली.

घरी तिचे वडील बाळाजी गोधडीत कुडकुडत होते. म्हशी सोडवायला ते पुराच्या पाण्यात उतरले होते. गल्लीतल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात अजून चिखल होता.

"लाल फुली आहे. म्हणजे दवाखान्याचाच कागद," बाळाजी म्हणाले.

एवढा मान मला पुन्हा मिळाला नाही. घरोघरी ताप होता. माझ्या सात झेरॉक्स निघाल्या. एक हेंद्रेपाड्याच्या रखमामावशी घेऊन गेल्या. त्यांच्याकडेही म्हशी होत्या.

किर्ती माझं इंग्रजी मराठीत सांगू लागली. "रुग्णाला कोरड्या जागी बांधावं."

"तापात पळत असतील लोक," बाळाजी म्हणाले.

"दूध कमी होतं," किर्तीने पुढे वाचलं.

"ते या घरात चहात कमीच असतं."

"गप पडा हो," किर्तीची आई बकुळा म्हणाली.

"मोठ्या रुग्णाला चाळीस मिली." किर्तीने औषधाचं नाव वाचलं. बाळाजींनी फळीकडे बोट दाखवलं. म्हशीसाठी आणलेली बाटली तिथे होती. नाव जुळलं.

"म्हशीचं असलं म्हणून काय झालं? ओत."

बकुळाने वाटी भरली. वाटी ओठांपाशी गेली. मी अभिमानाने थरथरत होतो. वर पंखाही चालू होता. किर्ती माझ्या शेवटच्या ओळीवर थांबली.

"बाबा, नका पिऊ. औषध दिल्यावर एकवीस दिवस कत्तल करू नये, असं लिहिलंय."

तर माझं हरवलेलं डोकं म्हशीचं होतं.

बकुळाच्या हातून वाटी पडली. त्या गोड वासाच्या औषधाकडे मुंग्या आल्या, थबकल्या आणि परत गेल्या.

बाळाजींना रिक्षाने उल्हासनगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तेराव्या दिवशी ते घरी आले. चालत.

पण रिक्षा गेली त्याच दुपारी किर्ती मला मुठीत धरून झेरॉक्स गोळा करत फिरली. सहा मिळाल्या. हेंद्रेपाड्यात मावशींच्या दाराला कुलूप होतं. खिडकीतून जमिनीवर एक वाटी दिसली. रिकामी. तिच्याजवळ एकही मुंगी नव्हती.

मावशींचं पुढे काय झालं, ते या घरात माझ्यासमोर बोलत नाहीत.

म्हणून मित्रांनो, कागद कुणासाठी लिहिलाय आणि कुणी लिहिलाय हे कळेपर्यंत त्याचं ऐकू नका. माझंही नाही. ती सातवी झेरॉक्स अजून सापडलेली नाही. तिच्यावरची फुली काळी आहे.