स्वतः धुतलेले पायजमे

बळीराम मेश्राम सत्तरीत स्वतःचे पायजमे स्वतः धुवायला लागले, तेव्हा त्यांच्या बायकोने, सिंधूताईंनी, ते कौतुकाने वस्तीभर सांगितलं. "आमच्या घरचे सुधरले वं," त्या म्हणायच्या. मग बायका आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारायच्या. लघवीचे डाग कुणाला दिसू नयेत, एवढंच बळीरामांना हवं होतं.

दोन वर्षं हे निभावलं. लघवी थांबून थांबून व्हायची. रविवारी बुद्धविहारात वंदना तेच घ्यायचे. मधे उठावं लागू नये म्हणून शनिवार दुपारपासून पाणी बंद, नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा. लघवीत रक्त दिसलं, तेव्हा बीट खाल्लं होतं अशी स्वतःची समजूत घातली. कंबर दुखायला लागली, तेव्हा बाम चोळला.

एका सकाळी लघवी अडलीच. दवाखान्यात नळी घातली, तपासण्या झाल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, "प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, हाडांत पसरलाय. औषधाने काही काळ थोपवता येईल. बरा होणार नाही."

घरी आल्यावर सिंधूताईंनी दोरीवरचा पायजमा काढला. घडी न घालता तो हातातच धरून बसल्या.

"काहून नाही सांगतलं?"

"तुले कसं सांगू? लाज वाटे."

"माझी गर्भाची पिशवी काढली तवा डॉक्टरनं सारं तुमच्यासमोर विचारलं. सही तुम्हीच केली. मले लाज नव्हती का?" त्यांचा आवाज चढला नाही. "मी वस्तीत तुमची तारीफ करून राहिली होती, अन् तुम्ही घरात मरून राहिले होते."



पुढच्या रविवारी लघवीच्या नळीची पिशवी कापडी थैलीत घेऊन बळीराम विहारात गेले. वंदना झाल्यावर त्यांनी पुरुषांना थांबवलं.

"महादेवराव, तुम्ही दोनदा बाहेर गेले."

"वय झालं ना गा," महादेवराव हसले.

"मी बी हेच म्हणत होतो." बळीरामांनी थैली उघडून दाखवली. "उद्याच तपासून घ्या. वहिनीले सोबत न्या."

महादेवराव सोमवारी गेले. त्यांच्या प्रोस्टेटची गाठ साधी निघाली, गोळ्यांवर भागलं. बळीरामांच्या हाडांतलं दुखणं मात्र दर महिन्याला वाढत गेलं.

वाचकहो, उतारवयात लघवीचा त्रास अनेकांना होतो; तो कशाचा, हे तपासल्याशिवाय कळत नाही. घरातला म्हातारा माणूस अचानक पाणी कमी पिऊ लागला, आपले कपडे आपणच धुऊ लागला, तर कौतुक नंतर करा. आधी त्याला विचारा.