एका बाजूची पिन

तिला आम्ही सगळे चौकशी म्हणतो. स्टेशनवरच्या खिडकीवर पाटी असते ना, तीच. फरक इतकाच, की त्या खिडकीत उत्तरं मिळतात आणि ही प्रश्न देते. क्रोशा शिकायला आली त्या दिवशी तिने सुई उलटसुलट फिरवून पाहिली आणि विचारलं, की हिला नेढं नाही तर ही सुई कशी. साखळी घालायला शिकवली तर म्हणे, यात गाठ कुठेच नाही, मग हे सुटत कसं नाही. मी म्हटलं, टोक ओढून बघ. तिने ओढलं आणि सकाळभराचं काम सर्रकन उलगडून तिच्या मांडीत पडलं. मला वाटलं, आता रडणार. तिने ती साखळी पुन्हा घातली आणि पुन्हा ओढून पाहिली.

रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, सायकली ठेवायच्या खोलीत मी मुलांना शिकवते. सायकली एका भिंतीला लावल्या की चार बाकं मावतात. मुलं सहसा हातरुमालापासून सुरुवात करतात. चौकशीने मात्र आल्या आल्या जाहीर केलं, की तिला पांघरूण करायचंय, चांगलं पलंगाएवढं. कोणासाठी, असं मी विचारलं तेव्हा तिने सुई पुन्हा उलटसुलट फिरवली. मग थोडं थोडं करत सगळं बाहेर आलं.

तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. आई गेल्यापासून घरात ही दोघंच. आता बाबा चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईंशी लग्न करणार होते. चौकशी त्यांना मावशी म्हणायची, आणि मावशीबद्दल तिची काही तक्रार नव्हती. पण मावशीला एक मुलगी होती, हिच्याहून वर्षाने मोठी, आणि ती हिच्या खोलीत राहायला येणार होती. दुसरा पलंग येऊन पहिल्याला चिकटलासुद्धा होता, कारण मध्ये जागा सोडली तर कपाटाचं दार उघडत नव्हतं. आणि त्या मुलीला यायचंच नाही, हे चौकशीने दाराआडून ऐकलं होतं. तिला घर सोडायचं नव्हतं, शाळा सोडायची नव्हती, आणि कुणा अनोळखी मुलीच्या शेजारी तर मुळीच झोपायचं नव्हतं.

"पांघरूण आवडलं तर निदान एक गोष्ट तरी आवडेल," चौकशी म्हणाली.

नव्या हातांसाठी मी एक सोपी, उठावाची वीण शिकवते. तिच्यात टाके दोनच. जाणकार त्यांना मुका खांब आणि खांब म्हणतात, आमच्या वर्गात ते बुटक्या आणि लंबू. एक बुटक्या, एक लंबू, असं ओळीच्या टोकापर्यंत जायचं. परत येताना लंबूच्या डोक्यावर बुटक्या बसवायचा आणि बुटक्याच्या डोक्यावर लंबू. संपलं शिक्षण. दोन बुटक्यांच्या मध्ये लंबूला ताठ उभं राहता येत नाही, मग तो पोट पुढे काढतो, आणि कापडावर नदीतल्या बारीक खड्यांसारखे उंचवटे दिसू लागतात. चौकशीने डोळे मिटून त्यांवरून बोटं फिरवली. मग विचारलं, लंबूच का वाकतो, बुटक्याच ताणून उंच का होत नाही. त्यावर विचार करायला मी पुढच्या रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

यात चकवतो तो ओळीचा शेवटचा टाका. तो कडेला मागे वळून लपून बसतो आणि नवशिक्याला वाटतं, ओळ संपली. म्हणून मी दोन्ही कडांना एकेक सेफ्टी पिन लावून देते. दर ओळीला ती वर सरकवायची, आणि पिनेतला टाका घेतल्याशिवाय वळायचं नाही.

लोकर चौकशीने बाबांबरोबर जाऊन आणली. मऊ, फुललेली, राखाडी. त्या मुलीला राखाडी आवडतो का, असं मी विचारलं.

"माहीत नाही. राखाडी कुणाला नावडत नाही."

"अगं, पण तिलाच विचारायचं."

चौकशीने गुंड्याचं टोक शोधायला घेतलं आणि ते बराच वेळ तिला सापडलं नाही.

पुढे दर रविवारी ती आपलं काम सतरंजीसारखं गुंडाळून, दोरी बांधून आणायची. पूर्ण झाल्याशिवाय कुणी बघायचं नाही, मीसुद्धा नाही, असा तिचा हुकूम होता. मांडीवर हातापुरत्या वरच्या चार ओळी तेवढ्या दिसायच्या. त्यांत बुटके, लंबू जिथल्या तिथे असायचे. गुंडाळी जाड होत गेली आणि मी मनातल्या मनात तिची पाठ थोपटत राहिले.

मग एका रविवारी मावशी घर बघायला आल्या आणि चौकशी त्यांच्या मुलीला घेऊन खाली वर्गात आली. मुलांनी लगेच तिचं नाव पाहुणी ठेवलं. पाहुणी हात खिशात घालून दाराशीच उभी राहिली. चौकशीने बाकं बाजूला सारली, दोरी सोडली आणि गुंडाळी जमिनीवर ढकलली.

पांघरूण उलगडत गेलं. खालची बाजू पलंगाएवढी रुंद होती. मधे रुंदी थोडी कमी झाली, आणि खिडकीपाशी पोचेपर्यंत टॉवेलाएवढी उरली.

"पाय जाड आणि डोकं बारीक असलेल्या माणसासाठी आहे का हे?" पाहुणी म्हणाली.

मुलं हसली. चौकशीचे कान लाल झाले. ती खाली बसली आणि भराभर गुंडाळू लागली. मी म्हटलं, थांब, उसवून बघू. पण फुललेली लोकर उसवणं म्हणजे काट्यातून ओढणी सोडवणं. धागा धाग्याला चिकटला होता, दोन ओळींतच तो तीनदा तुटला. शाळेला सुट्टी लागली की पाहुणी राहायला येणार होती. तोवर तुटक्या धाग्यांतून नव्याने सगळं होणं कठीणच दिसत होतं. चौकशी काहीच विचारत नव्हती, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटली.

पाहुणीचं हसू केव्हाच ओसरलं होतं. ती जवळ येऊन उकिडवी बसली आणि तिने पांघरुणाच्या कडेवरून बोट नेलं. मग दुसऱ्या कडेवरून.

"हे एकाच बाजूने आत गेलंय," ती म्हणाली. "ही बाजू तर पट्टीने आखल्यासारखी सरळ आहे. असं का?"

चौकशीने मान वर केली. प्रश्न दुसऱ्या कुणीतरी विचारलेला तिला बहुधा सहन झाला नसावा. दोघी दोन बाजूंनी ओणव्या झाल्या आणि वरपासून खालपर्यंत टाके तपासत निघाल्या. सरळ कडेला, अगदी वर, पिन होती. तिरक्या कडेला नव्हती. दर वेळी त्या टोकाला शेवटचा टाका गुपचूप मागे राहिला होता.

"इथली पिन कुठेय?" पाहुणीने विचारलं.

चौकशीने सायकलीच्या हँडलला अडकवलेल्या, लोकरीने भरलेल्या आपल्या दप्तराकडे पाहिलं. दप्तराचा तुटलेला पट्टा एका सेफ्टी पिनेवर लटकत होता. पाहुणी आधी पट्ट्याकडे, मग चौकशीकडे बघत राहिली आणि तिच्या नाकातून फुर्र असा आवाज निघाला. मग चौकशीलाही हसू आवरेना.

तेवढ्यात पाहुणीने माझ्या पिशवीखालचा जुना वर्तमानपत्राचा कागद मागून घेतला. पांघरुणासारखा, एका बाजूने तिरका, असा तुकडा फाडला. तसाच आणखी एक फाडला. दुसरा तुकडा फिरवून तिने डोकं खाली, पाय वर केले आणि पहिल्याच्या तिरक्या कडेला लावला. दोन्ही मिळून स्वच्छ चौकोन झाला, सगळ्या बाजूंनी सरळ.

चौकशीने तो चौकोन नुसता पाहिला नाही, तुकडे उचलून स्वतः पुन्हा जुळवला. मग हळूच म्हणाली, "हा तर दोन्ही पलंगांना पुरेल."

"पण मग दुसरं पण असंच चुकवायला लागेल," पाहुणी म्हणाली. "मला शिकव. आधी नीट, मग चुकीचं."

ती हे माझ्याकडे बघून बोलली नव्हती, म्हणून मी खिडकीपाशी जाऊन बसले. इतकी वर्षं मी मुलांना न चुकायला शिकवत आलेय, जाणूनबुजून चुकायला शिकवणारी मास्तरीण प्रथमच बघत होते. पिन एकाच कडेला लावायची, दुसऱ्या कडेचा शेवटचा टाका दिसला तरी न दिसल्यासारखं करायचं, असं चौकशी अगदी माझ्या आवाजात सांगत होती. मधेच थांबून तिने विचारलं, "तुला कुठला रंग आवडतो?"

"शेंदरी. राखाडी मला अजिबात आवडत नाही."

चौकशीने राखाडी कड आपल्याकडे ओढून घेतली.

"शेजारी शेंदरी असेल तर चालेल," पाहुणी म्हणाली.

त्यानंतर पाहुणी दर रविवारी यायची आणि जाताना आपला शेंदरी तुकडा सुईसकट पिशवीत भरून घरी न्यायची. तिचा हात घट्ट होता. चौकशीच्या लंबूंची पोटं सुटलेली, तिचे लंबू कवायतीला उभे राहिल्यासारखे. त्यामुळे तितक्याच ओळींत तिचा तुकडा आखूड भरू लागला. मग दोघींनी कडा शेजारी लावून टाके मोजणं सोडलं आणि राखाडी तुकड्याच्या उंचीने मापायला सुरुवात केली. कुठे दोन ओळी न चुकता घालायच्या, कुठे एक चुकवायची, यावर त्या तावातावाने भांडत. मावशी एकदा दारातून डोकावल्या आणि आल्या पावली परत गेल्या.

सुट्टी जवळ आली. शेंदरी तुकडा हातभर विणायचा उरला होता, पण चौकशीने जे विचारायचं ते अजून विचारलं नव्हतं. राखाडीच्या सरळ कडेला ती किनार घालत बसायची आणि मला ते तिच्या सुईत दिसायचं. पाहुणी पिशवी उचलू लागली, की हिचा हात थांबायचा.

त्या रविवारी बाकीची मुलं गेली. पाहुणीने ओळ संपवली, पिन सरकवली. चौकशी आपल्या गुंड्याकडे बघत म्हणाली, "तुला इथे यायचंय का?"

पाहुणीने तुकडा वळवून पुढची ओळ धरली. एक बुटक्या घातला, एक लंबू घातला.

"माहीत नाही अजून," ती म्हणाली. मग सुई तुकड्यात खोचत, "कपाटाचा वरचा कप्पा कोणाचा?"

"माझा. पण तुला हवा तर तुझा."

"मग खिडकीकडची बाजू तू घे."

वरून मावशींची हाक आली. पाहुणी उठली, चपला पायात सरकवल्या आणि रिकामी पिशवी घडी करून खिशात कोंबली. शेंदरी तुकडा बाकावरच होता, सुई त्यात खोचलेली.

"वर नेऊन ठेव," ती दारातून म्हणाली. "आणि माझी पिन दप्तराला लावू नकोस."

चौकशीने दोन्ही तुकडे छातीशी धरले. जिना चढता चढता ती कठड्यावरून वाकली.

"बाई, शिवण तिरकी येणार ना? मग माझी बाजू कुठे संपली, हे झोपल्यावर कळणार कसं?"

मी म्हटलं, हे मलाही ठाऊक नाही, झोपून बघा आणि मला सांगा.